खिशात वाजलेली फिल्म

फाटक उघडलं नाही.

हेमंत कुंभोजकरांनी आरोग्यपत्राचं कार्ड सदऱ्याला पुसलं आणि पुन्हा खांबावरच्या काचेला लावलं. सांगलीच्या उदय जलतरण मंडळात त्यांनी निम्म्या गावाला पोहायला शिकवलं होतं. आज त्यांच्यामागे टॉवेल खांद्यावर टाकून उभ्या असलेल्या पोरांच्या आयासुद्धा एकेकाळी त्यांच्याच हातावर तरंगल्या होत्या. काचेवर हिरव्याऐवजी पिवळी पट्टी आली. खाली अक्षरं उमटली : ‘प्रशिक्षक. वैद्यकीय स्थिती अनिश्चित. उपचाराची नोंद झाल्यावर प्रवेश मिळेल.’

“कसला उपचार?” त्यांनी काचेलाच विचारलं.

मंडळाचे सेक्रेटरी पाटणे लगबगीने आले आणि त्यांना दंडाला धरून बाजूला घेऊन गेले. पाटण्यांचा आवाज मयताला आल्यासारखा खाली गेला होता.

“सर, कशाला आलासा? आराम करायचा की. सोमवारचं ऑपरेशन नीट होऊ दे, मग बघू.”

“कुणाचं ऑपरेशन?”

पाटणे चपापले. “वहिनींचा फोन आलेला ओ. बदली माणूस बघा म्हणाल्या. मला वाटलं, तुम्हाला…”

हेमंत तसेच मागे वळले. मागे कुणीतरी पोरगं विचारत होतं, “आई, सरांना आत का घेत नाहीत?” आणि आई त्याला गप्प करत होती. त्या गप्प करण्यानेच त्यांचं डोकं सणकलं.

घरी येईपर्यंत त्यांना आठवडाभरातल्या सगळ्या गोष्टींचा उलगडा होत गेला. घरात सगळे हळू बोलत होते. एरवी चहाच्या दुसऱ्या कपासाठी वैशालीशी हुज्जत घालावी लागायची, आता ती न मागता आणून देत होती, तोही साखर घालून. पुण्याहून ओजसचा रोज फोन येत होता आणि ‘पप्पा, जेवलात का’ असं विचारत होता. ओजसने जन्मात त्यांना जेवणाचं विचारलं नव्हतं. साठी झाली म्हणून लाड चाललेत, असं धरून हेमंत मजेत होते.

वैशाली वाटाणे सोलत बसली होती. त्यांचा चेहरा पाहून तिने परात बाजूला सरकवली.

“पाटणे बोलले वाटतं.”

“पाटण्यांना माहीत. अजून कुणाकुणाला माहीत आहे? दूधवाल्याला सांगितलंस?”

“अहो, बसा आधी.”

“उभ्यानेच सांग.”

“प्रोस्टेटचा कॅन्सर आहे म्हणे,” ती म्हणाली. “अगदी बारीक आहे. काढला की झालं. ओजसने मिरजेला सगळं ठरवलंय. रविवारी येऊन तो सांगणार होता.”

“रविवारी. आणि सोमवारी ऑपरेशन. भूल दिल्यावरच सांगायचं होतं की.”

“आठ दिवस आधी सांगून तुमचं रक्त आटवायचं कशाला, असं म्हणाला तो.” तिचे डोळे भरले. “आणि दादाभाऊजींना तरी कुठे सांगितलं होतं आपण?”

हेमंतांच्या थोरल्या भावाला, श्रीकांतदादाला, हाच आजार झाला होता. कळला तेव्हा तो हाडांत उतरला होता. घरातल्या सगळ्यांनी त्याला शेवटपर्यंत संधिवात सांगितला. दादा जाताना विचारत होता, संधिवात इतका दुखतो होय रे?

ते गच्चीवर जाऊन उभे राहिले. भीती वाटत होती, नाही असं नाही. पण भीतीच्या वर राग बसला होता, आणि तो जागचा हलायला तयार नव्हता.

हे सगळं सुरू झालं होतं त्यांच्या साठीशांतीच्या दिवशी. वैशालीने आणि बहिणींनी मिळून साठ दिव्यांनी ओवाळलं, ओजसने भेट म्हणून तपासण्यांचं पॅकेज दिलं. “काही नाही पप्पा, रक्त-लघवी, नेहमीचंच.” तलावाच्या परवान्यासाठी दर वर्षी बाटली भरून द्यायची त्यांना सवयच होती. याही वेळी त्यांनी दिली. त्या बाटलीवर यंदा कणवेध होणार आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

कणवेध चाचणी येऊन पाचेक वर्षं झाली होती. त्याआधी रक्ताची एक तपासणी असायची. ती धुरासारखी. धूर दिसला म्हणजे कुठेतरी काहीतरी जळतंय एवढंच कळायचं, घर पेटलंय की शेजारी चूल पेटवलीय ते कळायचं नाही. कणवेधने तो प्रश्न मिटवला. शरीरातली प्रत्येक पेशी सतत बारीक बुडबुडे बाहेर सोडत असते, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे, आणि त्या बुडबुड्यांत पेशीच्या पोटातल्या मजकुराचे तुकडे असतात. पुरुषाच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी असते. तिचे बुडबुडे लघवीत उतरतात. नखाएवढ्या चिपवर ते एकेक करून अडकवायचे, त्यांतला मजकूर यंत्राने वाचायचा, की मोहरीहून लहान गाठसुद्धा लपून राहत नाही. चाचणी खोटं बोलत नाही. ती म्हणाली आहे, म्हणजे आहे.

आणि सगळी गोम तिथेच होती. साठी-सत्तरीच्या किती तरी पुरुषांच्या अंगात अशी गाठ निजलेली असते. ती त्यांच्याबरोबर म्हातारी होते आणि त्यांच्याबरोबरच सरणावर जाते. घरात कुणीतरी निजलंय एवढं यंत्राला दिसायचं. ते उठणार का, आणि उठलं तर काय करणार, हे मात्र दिसत नव्हतं. म्हणून कायदा झाला : चाचणीआधी प्रत्येक पुरुषाने चार मिनिटांची एक फिल्म पाहायची, आणि करायची की नाही ते स्वतः ठरवायचं. कायदा चांगला होता. फक्त तो फोनवरून पाळला जात होता : नोंदवलेल्या नंबरवर फिल्म यायची आणि तिथूनच होकार जायचा. आणि आरोग्यपत्रं निघाली तेव्हा गल्लोगल्लीच्या बापांनी रांगेत उभं राहून एकच वाक्य म्हटलं होतं : “तुझाच नंबर टाक रे, मला ते ओटीपी-बिटीपी कळत नाही.”

हेमंतही तेच म्हणाले होते.

ओजस शनिवारीच आला. तिशी उलटलेला, बापापेक्षा टीचभर उंच, हातात आईसाठी बाकरवडी. हेमंतांनी त्याला चपला काढू दिल्या, तेवढंच.

“माझ्या लघवीचं काय करायचं ते ठरवणारा तू कोण?”

“पप्पा, कॅन्सर आहे. भाजी आहे का विचारून आणायला?”

“भाजी विचारून आणतोस. मेथी आणू का पालक, म्हणून आईला चारदा फोन करतोस.”

वैशालीला हसू आलं आणि तिने ते पदरात लपवलं. ओजसला आलं नाही.

“मोठ्या काकांना मी बघितलंय,” तो म्हणाला. “चौदा वर्षांचा होतो. चादर अंगाला लागली तरी ओरडायचे. मला तुमचं तसं व्हायला नकोय. याच्यात काय चुकलं माझं?”

“तुला काय हवंय ते मी विचारतच नाही. मला काय हवंय ते तू विचारलंस का? मला विचारलं असतंस तर मी बहुतेक हो म्हणालो असतो. कदाचित नाही म्हणालो असतो. आता ते कधी कळणारच नाही. ते तू घेऊन गेलास.”

“नंबर तुम्हीच दिलात.”

“फोन यावा म्हणून दिला. माझ्या नावाने हो म्हणावं म्हणून नाही.”

ओजस खुर्चीत बसला आणि बाकरवडीच्या पुड्याच्या दोऱ्याशी चाळा करू लागला. मग मान वर न करता बोलला.

“मला पोहता येत नाही, पप्पा.”

“त्याचा इथे काय संबंध?”

“आहे. मी रोज तलावाच्या पायरीवर बसायचो. तुम्ही पाण्यातून यायचात. ‘येतोस?’ म्हणायचात. मी नाही म्हणायचो. तुम्ही ‘बरं’ म्हणायचात आणि दुसऱ्या पोरांकडे जायचात. रोज. सगळं गाव सांगतं, कुंभोजकर सर कुणाला ढकलत नाहीत, पोर स्वतः हो म्हणेपर्यंत थांबतात. फार कौतुक आहे त्याचं. मी हो म्हणालोच नाही, त्याचं काय? मागच्या पुरात आमच्या सोसायटीत पाणी शिरलं, तेव्हा पोहणारे बाप्ये चालत-पोहत निघाले आणि मला बायका-पोरांच्या बोटीत बसवलं. सांगलीच्या पोहण्याच्या सरांचा मुलगा. एक दिवस, एकच दिवस ढकललं असतंत तर? सारखं विचारत बसणं म्हणजे माया नव्हे. कधीकधी ती टाळाटाळ असते.”

हेमंतांना ते वर्मी लागलं. इतकी वर्षं हे पोर हे पोटात घेऊन फिरत होतं आणि त्यांना वाटत होतं, त्याला पाण्याची आवडच नाही.

“ढकललेली पोरं माझ्याकडे यायची दुसरीकडून,” ते कसेबसे म्हणाले. “पाण्याला बोट लावलं तरी थरथरायची.”

“पण तरंगायची.”

“जेवून घ्या दोघं,” वैशाली म्हणाली. “भांडायलाही ताकद लागते.”

सोमवारी तिघे मिरजेला गेले. हेमंत ऑपरेशनला निघाले होते की ते मोडायला, हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बाकांवर ओळीने साठी-सत्तरीचे पुरुष बसले होते, हात मांडीवर ठेवून, शाळेत पहिल्या दिवशी बसवल्यासारखे. प्रत्येकाच्या शेजारी मुलगा, नाहीतर जावई. फोन सगळे त्यांच्याच हातात.

डॉक्टर तस्नीम मुल्ला पन्नाशीच्या होत्या. त्यांनी टेबलावरच्या यंत्राचा पडदा हेमंतांपुढे सरकवला. “इथे अंगठा लावा. ऑपरेशनची संमती.”

“आधी ती फिल्म दाखवा.”

“चाचणीआधीची? ती पाहिल्याची नोंद आहे तुमची. पूर्ण चार मिनिटं.”

“कुठे पाहिली मी?”

डॉक्टरांनी पडद्यावर बोट फिरवलं. “पुण्यात. दुपारी.”

“मी पुण्याला गेल्याला वर्ष झालं.”

सगळ्यांनी ओजसकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले. “लावली होती मी. मीटिंग चालू होती. ती संपल्याशिवाय पुढचं बटण येत नाही, म्हणून… फोन खिशात ठेवला होता.”

मग डॉक्टर खुर्चीत मागे टेकल्या. त्या बोलल्या ते ओजसला उद्देशून नव्हतं.

“त्या फिल्मच्या समितीत होते मी. एकेका वाक्यावर भांडलोय आम्ही. ‘धोका’ म्हणायचं की ‘शक्यता’, यावर एक अख्खी दुपार गेली. आणि ती खिशात वाजते. तुमच्या एकट्याच्या नाही, रोज माझ्यासमोर येणाऱ्या निम्म्या माणसांच्या मुलांच्या खिशात. मला हे माहीत आहे. मीसुद्धा विचारायचं सोडून दिलंय, कारण बाहेर बाक भरलेले असतात.” त्यांनी पडदा आपल्याकडे ओढला, फिल्म लावली आणि तो परत हेमंतांकडे फिरवला. “बघा.”

फिल्ममध्ये शाळेचं मैदान होतं आणि त्यावर साठीचे शंभर पुरुष रांगेत उभे होते. कुणी धोतरात, कुणी अर्ध्या चड्डीत. साधा, ओळखीचा वाटावा असा आवाज बोलत होता. या शंभर जणांना कणवेधमध्ये अशी गाठ सापडली आहे. यांनी काहीच केलं नाही तर पुढच्या पंधरा वर्षांत तिघे या आजाराने जातील. ते तिघे रांगेतून निघून मैदानाबाहेर गेले. आता सगळ्यांनी ताबडतोब ऑपरेशन केलं असं समजू. एक जण परत आला. दोघे आले नाहीत. आणि उरलेल्यांतून पंधरा-सोळा जण खाली बसले. त्यांची लघवी त्यांच्या ताब्यात राहिली नव्हती. मग निम्म्याहून अधिक जणांनी मान खाली घातली. आवाजाने कारणही सांगितलं, आडवळण न घेता : शरीरसंबंध त्यांना आता जमणार नव्हता. काही जणांना माहीत नसण्याची भीती वाटते, आवाज म्हणाला. काही जणांना माहीत होण्याची. तुम्ही कोणत्या बाजूचे आहात, हे तुमच्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही. म्हणून बाटली देण्याआधी विचार करा.

“बाटली देण्याआधी,” हेमंत म्हणाले. त्यांचा आवाज चढला. “आता दाखवून काय उपयोग? कळलेलं आता न कळलेलं होतंय का?”

“नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “ते परत देता येत नाही.”

त्या सरळ उत्तराने ते जरा निवले.

“माझ्या भावाला होता.”

“मग तुमच्यासारख्या शंभरांत तिघांऐवजी पाच-सहा धरा. ऑपरेशनने त्यातले दोघे परत येतील. खोटं सांगणार नाही, धोका आहे.”

“आणि कापल्यावर मी पाण्यात उतरू शकेन?”

“काही महिने थेंबथेंब गळतं. बऱ्याच जणांचं थांबतं. काहींचं नाही. शिंकताना, उडी मारताना, पाण्यात हातपाय मारताना.”

“पोरांच्या तलावात.”

हेमंत ओजसकडे वळले. “तू बाहेर बस. आईला थांबू दे.”

ओजस गेल्यावर त्यांनी वैशालीकडे पाहिलं. “त्या मान खाली घातलेल्यांचं ऐकलंस ना? त्यात तुझाही वाटा आहे. तुला काय वाटतं?”

“इश्श, मला काय विचारता.” तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“तुलाच विचारतोय. या घरात कुणीतरी कुणालातरी विचारायला सुरुवात करू दे.”

वैशालीने नजर भिंतीवरच्या घड्याळावर लावली. “मला तुम्ही हवे,” ती म्हणाली. “बाकीचंही हवंय. नकोय असं म्हटलं तर खोटं होईल. पण आधी तुम्ही.”

हेमंतांनी तिचा हात हातात घेतला. काल पुन्हा वाटाणे सोलून तिच्या नखांना अजून हिरवट रंग होता. डॉक्टर पडद्यावर काहीतरी वाचत असल्याचं दाखवत राहिल्या.

“न कापता नुसतं लक्ष ठेवता येतं का?” हेमंतांनी विचारलं.

“येतं. सहा महिन्यांनी चाचणी, वर्षातून एकदा स्कॅन. हललं तर कापायचं. तोवर वेळ गेली, असं क्वचित होतं. क्वचित म्हणाले मी, कधीच नाही असं म्हणाले नाही.”

“ऐकलं मी. लक्ष ठेवा.”

“तुमच्या कार्डात दोनच खाने आहेत,” डॉक्टर म्हणाल्या आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजाला धार आली. “‘उपचार सुरू’ आणि ‘उपचार नाकारला’. नाकारला लिहिलं की तुमचं फाटक कायम पिवळं. ज्यांनी हे खाने आखले त्यांना थांबणं म्हणजे पळून जाणं वाटतं. मी ‘उपचार सुरू’ टाकते आणि पुढे ‘सक्रिय देखरेख’ लिहिते. देखरेख हा उपचारच आहे. कुणी हरकत घेतली तर माझ्याकडे पाठवा. मलाही कुणाशी तरी भांडायचंच आहे.” त्यांनी बटण दाबलं आणि थबकल्या. “मंजुरीचा ओटीपी गेला.”

“कुठे?”

उत्तर तिघांनाही माहीत होतं.

व्हरांड्यात ओजस बाकाच्या टोकाला बसला होता. फोन त्याच्या तळहातावर होता आणि तो त्याकडे विंचवाकडे पाहावं तसं पाहत होता.

“ऑपरेशन रद्द, असं लिहिलंय,” तो म्हणाला. “पप्पा, मी नाही दिला तर?”

हेमंतांच्या मनात आलं, फोन हिसकावून घ्यावा. हात पुढे गेलाही. मग तो त्यांनी मागे घेतला आणि ते त्याच्या शेजारी बसले.

“नाही दिलास तर मी नंबर बदलायच्या रांगेत जाऊन उभा राहीन. महिना लागेल. तोवर तुझ्याशी बोलणार नाही आणि तुझ्या बाकरवडीला हात लावणार नाही.”

“मला भीती वाटते.”

“मलाही वाटते. रात्रभर वाटत होती. पण ती माझी आहे ना? ती तरी मला ठेवू दे.” त्यांनी श्वास घेतला. “आणि पायरीवरचं तू म्हणालास ते खरं आहे. ढकललं नसतंच मी. पण तुझ्या शेजारी येऊन बसायला हवं होतं. पाण्यातूनच विचारत राहिलो.”

ओजसने डोळे पुसले आणि फोन वर धरला. “सांगू? चार, सात…”

“थांब.”

“संपेल तो, पप्पा. थोडाच वेळ असतो.”

“संपू दे. दुसरा येईल. आधी फिल्म लाव. आणि खिशात नाही. इथे, दोघांच्या मध्ये. आवाज मोठा कर.”

“इथे? सगळे बसलेत.”

“म्हणूनच म्हणतो, मोठा कर.”

ओजसने फिल्म लावली. मैदान आलं, शंभर माणसं आली. तो साधा आवाज व्हरांड्याच्या फरशीवरून, औषधांच्या वासातून, बाकांखालून पुढे गेला. तिघे रांगेतून बाहेर पडले तेव्हा ओजसने बापाची बाही धरली, लहानपणी धरायचा तशी. एक परत आला तेव्हा सोडली नाही. मधेच फोन थरथरला, ओटीपीची मुदत संपली होती. कुणी तिकडे पाहिलं नाही.

फिल्म संपली. ओजसने काही न बोलता नवा ओटीपी मागवला, तो आला, आणि त्याने आकडे न वाचता फोन बापाच्या हातात दिला.

“तुम्हीच टाका.”

हेमंतांनी चष्मा लावला आणि एका बोटाने, जोर देऊन, एकेक आकडा दाबला. राग अजून गेला नव्हता. जायला नकोच होता, सहा महिन्यांनी परत लागणार होता.

फोन परत करताना त्यांच्या लक्षात आलं, व्हरांड्यात कुजबुज थांबली आहे. समोरच्या बाकावर पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ बसले होते, हाताला ऑपरेशनला नेण्याआधीची कागदी पट्टी बांधलेली. ते आपल्या मुलाकडे वळले होते.

“आरं,” ते म्हणाले, “ह्ये आपल्याला कवा दाखवलं?”

मुलाचा हात हळूच खिशाकडे गेला.